शकुंतला: पुट ऑफ की कॉल ऑफ?

आमच्या भागातल्या बारावी झालेल्या कुठल्याही पोट्ट्याला 'टॉलरेट'चा अर्थ विचारा, झोपेतून उठवून विचारला तरी सांगेल. 'एक्स्टिंग्विश' सांगेल, 'इन्व्हेस्टिगेट' सांगेल, तेही स्पेलिंगसकट. त्यालाच 'टॉलरेट'च्याच अर्थाचं 'पुट अप विथ' म्हणजे काय असं विचारलं की तो छताकडं बघायला लागतो. पुट त्याला येतं, अप येतं, विथ तर पाचवीपासून येतं. पण तीन ओळखीची माणसं एका मोटरसायकलवर बसून निघावीत आणि गावात पोचल्यावर चौथाच कुणी खाली उतरावा, तसा तो अर्थ त्याच्यापुढं येऊन उभा राहतो.

मी दर्यापूर तालुक्यात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत जाऊन बसते. तिथं तलाठी, ग्रामसेवक, कंबाइन (एमपीएससीची संयुक्त परीक्षा) अशा कसल्या ना कसल्या परीक्षेला बसलेली पोरंपोरी असतात. तलाठ्याच्या पेपरात शंभरातले २५ प्रश्न इंग्रजीचे, आणि या असल्या परीक्षांच्या इंग्रजीत फ्रेजल व्हर्बला, म्हणजे 'पुट अप विथ'सारख्या जोडक्रियापदांना, चुकवता येत नाही. बाजारातल्या गाइडांच्या मागच्या पानांवर त्यांची यादी असते, एपासून झेडपर्यंत. त्यामुळं विदर्भातल्या समस्त परीक्षार्थींना 'अबाइड बाय' आणि 'अकाउंट फॉर' चोख येतात, 'ब्रेक'पर्यंत गाडी बरी चालते, आणि 'सी' लागला की सोयाबीन सोंगायला येतं. सोंगणीहून परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून, 'अबाइड बाय'. 'टेक' आणि 'टर्न' पाठ करून झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

यादी लांबलचक असण्याचं मला काही वाटत नाही. ती चुकीच्या टोकाला धरलेली असते, हे खुपतं. 'ब्रेक'च्या खाली ब्रेक डाऊन, ब्रेक इन, ब्रेक आउट, ब्रेक ऑफ, ब्रेक अप अशी भावंडं रांगेत उभी केली की वाटतं, अर्थ 'ब्रेक'मध्ये आहे. तो बऱ्याचदा शेपटीत, म्हणजे मागच्या छोट्या शब्दात असतो. पण ते नंतर.

आधी हे पाहू, की लंडनच्या चार वर्षांच्या पोराला जे सहज येतं ते आमच्या बी.ए. झालेल्या पोरीला का अडतं. मला वाटतं, आपल्याला इंग्रजी उलट्या क्रमानं मिळालं. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं तिथल्या दरबाराची, कोर्टकचेरीची भाषा फ्रेंच होती. पंडितांची आणि चर्चची लॅटिन होतीच. हुकूम, दावे, सनदा, शास्त्र यांचे शब्द त्या दोन भाषांतून आले. चुलीजवळचे, गोठ्यातले, भांडणातले शब्द जुनेच राहिले: पुट, गेट, टेक, गो, अप, ऑफ, आउट. म्हणून इंग्रजीत पुष्कळदा एकाच गोष्टीला दोन क्रियापदं सापडतात. आई म्हणते दिवा 'पुट आउट' कर, भिंतीवरची नोटीस म्हणते 'एक्स्टिंग्विश' करा. आमच्याकडं नोटीस आधी आली. आई आलीच नाही.

समजा एखादा परदेशी माणूस केवळ आमच्या ग्रामपंचायतीच्या नोटिसा वाचून मराठी शिकला. 'सदरची सभा गणपूर्तीअभावी स्थगित करण्यात येत आहे', 'विहित नमुन्यात अर्ज सादर करावा', 'उपरोक्त विषयान्वये'. हे सगळं त्याला येईल. मग शेजारीण म्हणाली, "जाऊ द्या हो, सोडून द्या," तर तो विचारेल, कुठं जाऊ द्यायचं, काय सोडायचं आणि कोणाला द्यायचं? आमच्या बारावीच्या पोराची इंग्रजीत हीच गत आहे. त्याला स्थगित येतं, पुढं ढकलणं येत नाही.

हा घोळ फक्त आपला नाही. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ सालच्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय, की क्रियापदामागं छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही जी रीत इंग्रजीत आहे, तिचाच परक्यांना सगळ्यात जास्त त्रास होतो. त्यानं 'कम ऑफ', 'फॉल ऑन', 'ब्रेक ऑफ' अशी उदाहरणंही दिली. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र बरंच अलीकडचं. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी ते १९२५ साली छापलं आणि सुचवण्याचं श्रेय ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं. इस्रायलमध्ये १९८५ साली दोन अभ्यासकांनी हिब्रू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना तपासलं, तर ती पोरं फ्रेजल व्हर्ब शक्यतो टाळतात आणि तिथं एकेरी भारदस्त क्रियापद वापरतात, असं दिसलं. हिब्रूत असली जोडक्रियापदं नाहीत, म्हणून हे होतं, असा त्यांचा तर्क. हे वाचलं तेव्हा मला आधी बरं वाटलं, आणि मग मनात आलं, की आपल्याला ती सबब कुठाय?

कारण मराठीत हा खेळ भरपूर आहे. एकट्या 'बोलणे'चं बघा. तो बोलून गेला, म्हणजे तोंडातून निघालं. बोलून बसला, म्हणजे आता निस्तरा. बोलून टाकलं, मन मोकळं झालं. बोलून दाखवलं, केलेले उपकार काढले. बोलून ठेवलं, आधीच तजवीज केली. बोलून पाहिलं, पण जमलं नाही. बोलून घेतलं, म्हणजे एकदाचं सुनावलं किंवा व्यवहार पक्का केला, प्रसंगानुसार. यातलं कुणी खरोखर कुठं गेलेलं नाही, बसलेलं नाही आणि काही टाकलेलंही नाही. 'करून ठेवलं'चं तर विचारूच नका. "स्वयंपाक करून ठेवलाय" यात माया आहे आणि "काय करून ठेवलंस हे!" यात थोबाडीत द्यायची तयारी आहे. शब्द तेच.

आणि शाळेत संस्कृत घेतलेल्यांना तो जुना श्लोक आठवत असेल: उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते, प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्. उपसर्ग धातूचा अर्थ बळानं दुसरीकडं ओढून नेतो. हृ हा एकच धातू, पण पुढं प्र लागला की मारणं, आ लागला की खाणं, वि लागला की हिंडणं. आम्हाला हा श्लोक छडीच्या धाकानं पाठ होता, आणि पुढच्याच तासाला इंग्रजीत 'अप' आणि 'ऑफ' तेच करताना दिसले तर कुणी सांगितलं नाही, की बाबांनो, हीच ती ओढाताण. इंग्रजी पूर्वी हे छोटे शब्द क्रियापदाच्या पुढं जोडायची. 'अंडरस्टँड', 'विथस्टँड', 'ओव्हरकम' ही त्यातली उरलेली मंडळी. नंतर ते मागं सरकले, एवढंच.

तर अभ्यासिकेत मी यादी बंद केली. आम्ही क्रियापदावरून जात नाही, शेपटीवरून जातो. काही दिवस नुसतं 'अप'. मग नुसतं 'आउट'. आणि नियम एकच: आधी वऱ्हाडीत बोलायचं. पुस्तकी मराठीत नाही. घरी जसं बोलता तसं.

'अप' लवकर बसलं. इट अप, ड्रिंक अप, यूज अप, टिअर अप. खाऊन टाक, पिऊन टाक, वापरून टाक, फाडून टाक. काम नुसतं करायचं नाही, शेवटाला न्यायचं, हा भाव तिकडं 'अप'मध्ये आणि इकडं 'टाकणे'मध्ये. 'आउट'ला 'काढणे' सापडलं तेव्हा एका पोरीनं बाकावर हात आपटला. फाइंड आउट, शोधून काढणे. पिक आउट, निवडून काढणे. थ्रो आउट, हाकलून काढणे. 'अवे'ला आमचं देणं आणि जाणं: पुट अवे, ठेवून देणे. गो अवे, निघून जाणे. 'टेक डाऊन' म्हणजे लिहून घेणे. तिथं इंग्रज खाली पाहतो, कागदाकडं, आणि आपण स्वतःकडं ओढतो. जोड्या अशा शंभर टक्के जुळत नाहीत. 'ब्रिंग अप'मध्ये टाकण्यासारखं काही नाही आणि 'मेक अप'ला तर इतके अर्थ आहेत, की भांडण मिटवणं, गोष्ट रचणं आणि तोंडाला पावडर फासणं एकाच दारातून आत येतात. पण सुरुवातीला दहातल्या पाच जुळल्या तरी पोरांची भीती मोडते. भीती मोडल्यावर उरलेल्या पाच पाठ करायला त्यांची ना नसते.

आता 'ऑन'. याच्यासाठी मला थोडं थांबू द्या.

आमच्याकडं 'मी जेवत आहे' कुणी म्हणत नाही. 'मी जेवून रायलो' म्हणतात. 'पाऊस येऊन रायला', 'मास्तर शिकवून रायले', 'काय करून रायला बे?' या 'रायलो'पायी विदर्भाच्या पोरांनी किती ऐकून घेतलंय त्याला माप नाही. पुण्याला शिकायला गेलं, पहिल्या आठवड्यात होस्टेलवर तोंड उघडलं, की पिकलंच हसू. मग पोरगं बोलणं कमी करतं, आणि दिवाळीत घरी येतं तेव्हा 'जेवतोय' म्हणायला शिकून आलेलं असतं. आई त्याच्याकडं पाहत राहते. आमच्या शाळेतही 'रायलो'वर लाल शाई असायची. मीही पेपर तपासताना ती मारते, कारण बोर्डाचं उत्तर बोर्डाच्या भाषेत लागतं. ते मला पटतं आणि तरी आवडत नाही.

तर २००७ साली गार्डनर आणि डेव्हिस या दोन अभ्यासकांनी ब्रिटिश नॅशनल कॉर्पस नावाचा दहा कोटी शब्दांचा संग्रह चाळला आणि त्यात कुठलं फ्रेजल व्हर्ब किती वेळा येतं ते मोजलं. पहिला नंबर आला 'गो ऑन'चा. त्यात काहीतरी सुरू राहण्याचा भाव 'ऑन' आणतं. वर्क ऑन, काम करत राहणं. कॅरी ऑन, चालू ठेवणं. आणि 'व्हॉट्स गोइंग ऑन?' याला पुस्तकी मराठीत धड वाक्य मिळत नाही. 'काय चालले आहे' म्हटलं की पोलीस चौकशीला आल्यासारखं वाटतं. वऱ्हाडीत ते तयार पडलेलं आहे: "काय चालून रायलं बे?"

मी फळ्यावर दोन्ही एकाखाली एक लिहिली. मागच्या बाकावरचा एक पोट्टा, जो इंग्रजीच्या तासाला तोंड उघडत नाही, तो म्हणाला, "मंग मॅडम, आमाले येतच होतं ना हे." येतच होतं. तो आता येता-जाता प्रत्येकाला व्हॉट्स गोइंग ऑन विचारतो. त्याच्या आजीलाही विचारून झालं.

त्याच मोजणीतली आणखी एक गोष्ट परीक्षेच्या पोरांना मी मुद्दाम सांगते. वीस क्रियापदं आणि आठ छोटे शब्द यांच्या जोड्यांनी त्या संग्रहातली निम्म्याहून जास्त फ्रेजल व्हर्ब व्यापली होती. म्हणजे गो, कम, टेक, गेट, सेट अशी वीस धरा, अप, आउट, ऑन, ऑफ, डाऊन अशी आठ धरा, निम्मं रान मोकळं. पण लगेच खुश होऊ नका. वरच्या शंभरांना सरासरी पाचाहून जास्त अर्थ निघाले. 'गो ऑफ' घ्या. अलार्म वाजला, गो ऑफ. लाइट गेली, तेही गो ऑफ. सुतळीबॉम्ब फुटला, गो ऑफ. दूध नासलं, गो ऑफ. "मॅडम, एकच सांगा, चालू झालं का बंद झालं?" असा सवाल आला, आणि तो बिनतोड होता. मी म्हटलं, लाइनमनला विचारा. लाइन गेली म्हणजे बंद आणि पोरगं लाइनीला लागलं म्हणजे सुरू, हे तुम्हाला कुठं अडतं?

त्या पाहणीत दुसरा नंबर 'कॅरी आउट'चा होता आणि तिसरा 'सेट अप'चा. ही दोन्ही सरकारी कागदात, संशोधनात, वर्तमानपत्रात धो धो वापरली जातात. तेव्हा फ्रेजल व्हर्ब म्हणजे गावठी, मोकळंढाकळं, परीक्षेत लिहू नये असं जे काही मास्तर अजून सांगतात, ते सोडून द्यायला हरकत नाही. 'सर्व्हे कॅरी आउट केला', 'समिती सेट अप केली' हे कलेक्टरही लिहितो.

चौथा नंबर 'पिक अप'. यावर वर्गात हशा झाला, कारण आमच्याकडं पिकअप म्हणजे कापूस जिनिंगला नेणारी गाडी. शिवाय जुन्या मोटरसायकलला 'पिकअप नाही' म्हणतात, ते वेगळंच. त्या दिवशी मग पोरांनी गावातले असे शब्द गोळा करायला घेतले आणि दोन फळे भरले. कट-ऑफ, चेकअप, बॅकअप, लॉगआउट, फॉलोअप, ब्रेकअप, लॉकडाऊन. विदर्भाचा खास 'लेआऊट' आहेच. शेताचं एनए करून प्लॉट पाडले, की ते लेआऊट, आणि मग तोच पत्ता होऊन बसतो, माणसं पिढ्यानपिढ्या लेआऊटात राहतात. कुणी म्हणालं, "मी २०१९ पासआउट." इंग्लंडातल्या माणसाला हे सांगितलंस तर तो पाण्याचा ग्लास घेऊन धावत येईल, म्हटलं, कारण तिकडं सैन्याची परेड सोडली तर पास आउट म्हणजे चक्कर येऊन पडणं. तो म्हणाला, "नोकरी नाही लागली तर तेच होनार हाय."

आणि शाळेच्या पहिल्या दिवसापासून आम्ही काय ऐकलं? स्टँड अप. सिट डाऊन. गेट आउट. 'मे आय कम इन सर?' आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, २००० सालापासून ते पहिलीपासून झालं, पण चारही वाक्यं तीच राहिली. कुणी ती पाठ केली नाहीत. उभं राहताना 'स्टँड अप' कानावर पडलं, अंगात गेलं.

म्हणून सराव बसून करायचा नाही, प्रश्नोत्तरांनी करायचा, हे मी ठरवलं. यात माझं नवं काही नाही. इथून जवळच, अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ साली गाडगेबाबांचा जन्म झाला. त्यांचं कीर्तन म्हणजे समोरच्या माणसांना वऱ्हाडीत विचारलेल्या प्रश्नांची झड असायची. उत्तर लोकांनी द्यायचं, पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. सांगून जे शिरत नाही ते विचारून शिरतं, हे त्या न शिकलेल्या माणसानं कुठल्याही बी.एड.शिवाय ओळखलं होतं. आमच्या वर्गात त्यांच्यावरच प्रश्न झाले. बाबा लहानाचे मोठे कुठं झाले? दापुऱ्याला, आजोळी. मग 'ही ग्रू अप' म्हणायचं की 'ही वॉज ब्रॉट अप'? वाढला तो आपोआप, ग्रो अप. वाढवला कुणीतरी, ब्रिंग अप. आजोळच्या माणसांनी वाढवला, म्हणून ब्रॉट अप. पण गुरं राखता राखता तो स्वतःच वाढला, म्हणून ग्रू अपही चालेल. दोन्ही बरोबर निघाल्यावर पोरं नाराज झाली. परीक्षेत एकच पर्याय बरोबर असतो.

सगळ्यात जास्त अडकतं ते सर्वनाम. 'टर्न ऑफ द फॅन' चालतं, 'टर्न द फॅन ऑफ'ही चालतं. पण फॅनच्या जागी 'इट' आलं की ते मध्येच बसणार: 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' म्हटलं की गेलं. त्यात पुन्हा सगळीच जोडी फुटत नाही. 'लुक आफ्टर'च्या मध्ये कुणाला घुसता येत नाही, 'लुक आफ्टर हर' असंच. मराठीतही आपण जोडीच्या मध्ये फारसं कुणाला येऊ देत नाही, फक्त 'च', 'ही', 'तरी' यांना परवानगी: देऊन तरी टाक, करूनच बसला. हे नियमानं समजतं आणि तोंडात बसत नाही. तोंडात बसवायला आम्ही पंखा, दिवा, मोबाइल, खिडकी, जे हाताशी असेल ते घेतो. एकजण उठतो, दुसरा ओरडतो: टर्न इट ऑन! टर्न इट डाऊन! पुट इट अवे! पिक देम अप! बाहेरून जाणाऱ्या बायकांना वाटतं, आत भांडण जुंपलंय.

त्या ओरडण्याचा एक फायदा अनपेक्षित होता. फ्रेजल व्हर्बमध्ये जोर बहुधा शेपटीवर पडतो, 'पिक देम अप' मधल्या 'अप'वर. नाम झालं की जोर पुढं सरकतो, 'पिक'वर. आपण मराठी माणसं सगळ्या शब्दांवर सारखाच जोर देत जातो, त्यामुळं आपलं इंग्रजी ऐकणाऱ्याला यातलं काही कळत नाही. ओरडताना मात्र पोरांचा जोर आपसूक 'अप'वर पडायला लागला. उच्चारांच्या पुस्तकातून हे मला कधी साधलं नसतं.

आणि मग एक दिवस शकुंतला निघाली.

बाहेरच्यांसाठी: शकुंतला ही मूर्तिजापूर ते अचलपूर आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी नॅरोगेज. इंग्रजांच्या काळात कापूस वाहायला टाकलेली. दर्यापूरचं तिचं स्टेशन बनोसा. माणूस पळत जाऊन धरू शकेल अशा वेगानं ती चालायची, पण चालायची. आता काही वर्षं बंद आहे. ब्रॉडगेज होणार, होणार असं दर निवडणुकीत होतं. रुळांमध्ये बाभळी आहेत.

मी 'पुट ऑफ' आणि 'कॉल ऑफ' यांतला फरक सांगत होते. ठरलेली गोष्ट पुढच्या तारखेवर गेली, पुट ऑफ. ठरलेली गोष्ट रद्दच झाली, कॉल ऑफ. दोन्हीत 'ऑफ', म्हणून परीक्षेत हमखास शेजारी-शेजारी पर्याय येतात. उदाहरण हवं होतं. एक पोरगी म्हणाली, "शकुंतला हॅज बीन कॉल्ड ऑफ." लगेच एकानं आक्षेप घेतला. रद्द झाली असं कुठंय? ब्रॉडगेजची मागणी चालू आहे, म्हणजे पुट ऑफ. तिसरा म्हणाला, कारखाना बंद पडतो तशी पडली, 'क्लोज डाऊन' म्हणा. पेपर वाचायला येणारे एक आजोबा कोपऱ्यात होते. त्यांची सगळी हयात जिनिंगमध्ये गेली. इंग्रजी सातवीपुरतं. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "रद्द केली असं कोनी लिहून देल्लं का?" नाही दिलं. "अन् चालू करू, अशी तारीख कोनी देल्ली का?" तीही नाही. "मंग तुमच्या इंग्रजीत याले शब्द नाही काय?"

मी 'फिझल आउट' सुचवलं. जोरात सुरू झालेली गोष्ट हळूहळू फुसकी होत विझणं. आजोबांना ते पसंत पडलं नाही. शकुंतला जोरात कधी सुरूच नव्हती, असं त्यांचं म्हणणं. मग 'ड्रॅग ऑन' आलं, रेंगाळत राहणं. यात पुन्हा तो 'ऑन', तो 'रायलं'. द मॅटर इज ड्रॅगिंग ऑन. "रेंगाळून रायलं," आजोबा म्हणाले, "हे बराबर हाय," आणि पुन्हा पेपरात शिरले. त्या संध्याकाळी ऑफ-ऑनचा जो फरक त्या पोरांना कळला तो मी तीन वर्षं व्याकरण शिकवून कळवू शकले नसते. खरं सांगायचं तर तीनही पर्यायांना मला मनातून अर्धे-अर्धे मार्क द्यावेसे वाटले.

वऱ्हाडी आणली म्हणून इंग्रजी सोपं झालं, असा दावा मी करणार नाही. आमच्या या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीतलं पाणी खारट असलेल्या भागातल्या पोराला इंग्रजी कानावर पडायला मोबाइलशिवाय जागा नाही आणि मोबाइलवर तो जे ऐकतो त्यात इंग्रजी कमी, स्फोट जास्त. वाचनाची सवय नाही. अभ्यासिकेतली निम्मी पोरं सकाळी शेतात असतात. शहानूर धरणावरून येणाऱ्या नळाला पाणी आलं, की वर्ग अर्धा रिकामा होतो. 'रन आउट ऑफ वॉटर' हे आमचं सगळ्यात पक्कं वाक्य आहे, ते शिकवावं लागलं नाही. पण एक झालंय. आधी हे लोक इंग्रजीच्या दारात उभं राहून आपली भाषा चपलेसारखी बाहेर काढून यायचे. आता घेऊन येतात.

मागच्या हंगामात 'गेट' सुरू केलं. 'गेट' सगळ्यात वाईट, त्याला स्वतःचा अर्थच नाही म्हणा ना. गेट ऑन, गेट ओव्हर, गेट अवे विथ. 'गेट बाय' म्हणजे जेमतेम भागणं, कसंबसं निभावून नेणं. वाक्य करा म्हटलं. एका पोरीनं केलं: 'वुई गेट बाय ऑन फाइव्ह एकर्स.' मी 'व्हेरी गुड' म्हणायच्या आत मागून आवाज आला, "पाच एकरात? कोरडवाहू?"

"हो."

"मॅडम, हे वाक्य ग्रामरनं बराबर असन, हिशेबानं चूक हाय."

ती पोरगी ऐकून घेणारी नव्हती. तिनं उठून खडू घेतला आणि फळ्यावर 'गेट बाय'च्या खाली मांडायला सुरुवात केली: बियाणं, खत, डवरणी, फवारणी, वेचणी. दुसऱ्या बाजूला २०२५-२६चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव, क्विंटलला ८,११० रुपये. त्यावर तिघं एकदम बोलले. हमीभाव कुणाला मिळतो? कापसात ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की कापतात, बाराच्या वर गेला की घेतच नाहीत, आणि खेडा खरेदीवाला दारात येतो तो स्वतःचा भाव घेऊन. "टर्न्ड डाऊन," एकजण म्हणाला, आणि कुणी लक्ष दिलं नाही. वेचणीचा आकडा जमेना. तिच्या घरी वेचायला घरचेच, मागून बोलणाऱ्या पोट्ट्याकडं किलोवर मजूर, तेही पलीकडच्या गावाहून ऑटोनं आणायचे, ऑटोचं भाडं वेगळं. तिनं घरच्यांची मजुरी शून्य धरली होती. "शून्य काऊन? तुही माय फुकट वेचते का?" ती क्षणभर थांबली, शून्य पुसलं, आणि आईची मजुरी लिहिली. बेरीज लगेच घाट्यात गेली. मग पऱ्हाटीत, म्हणजे कापसात घेतलेली तूर धरायची की नाही यावर वाद पेटला. धरली तर गेट बाय होतं, नाही धरली तर होत नाही. शिपाई कुलूप घेऊन दारात आला तेव्हा तुरीला यंदा काय भाव मिळेल यावर बोलणं चाललं होतं, आणि तोही आत येऊन बसला, कारण त्याच्याकडंही तीन एकर तूर होती.